जुनें गोवें : एका बेटावरील राजधानी

कोल्हापुराहून गोव्याला समुद्रानें जावयाचें म्हणजे द्राविडी प्राणायामच होय. फोंडाघाट उतरून गेलें तर सकाळीं निघालेला मनुष्य दुपारपर्यंत गोव्याच्या हद्दींत असतो. असें असतां मी उलटा मुंबईस गेलों, तेथें एका प्रवासी आगबोटींत बसलों आणि दुसरे दिवशीं मुरगांवच्या धक्क्यावर उतरलों. ह्याबद्दल आमच्या शिवाजी पेठेंतील मित्रमंडळींनीं माझी जी थट्टा केली ती येथें सांगत नाहीं. पण माझ्या मनांत एक जुनी हौस होती. गोव्याचा सारा इतिहास पाण्यावरून आला. अरब घोडे घेऊन पाण्यावरून आले, पोर्तुगीज तोफा घेऊन पाण्यावरून आले. तेव्हां त्या शहराकडे एकदां तरी पाण्याच्या बाजूनें पाहावें, असें वाटत होतें.

आणि खरें सांगावयाचें तर दुसरेंहि एक कारण होतें. अर्ध्या शिवाजीच्या पुतळ्याच्या आसपास जो लहानाचा मोठा झाला, त्याच्या कानांत पोवाडा असावयाचाच. संभाजी महाराजांनीं गोवें घेतल्यासारखेंच होतें, मोगल पाठीवर आला म्हणून तें राहिलें, हें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. पुढें इंग्रजी पुस्तकें हातीं आलीं. त्यांत असें वाचलें कीं, जुन्या गोव्याचा नाश कोणा शत्रूनें केला नाहीं. तें शहर तापानें आणि पटकीनें मेलें. ह्या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न मनांत अनेक वर्षें पडून होता. पुस्तकांनीं तो सुटला नव्हता. जागा पाहून सुटला तर पाहूं, असें म्हटलें.

बोटीच्या फलकावर लिहिलें होतें कीं, सायंकाळीं पांच वाजतां शिडी उचलली जाईल. म्हणजे जमिनीवर आमचे सात तास. मुरगांवला पाहण्यासारखें कांहीं नाहीं, असें आम्हांस सांगण्यांत आलें आणि आम्ही तें मानलें. बंदरांतील यारी, खनिजाचे ढीग आणि टेकडीवरच्या एका पडक्या तटाचा तुकडा एवढें पाहून आमची मोटार निघाली. त्या तटाकडे मीं तेव्हां नीट पाहिलेंहि नाहीं. हें माझें चुकलें. त्याविषयीं पुढें सांगतों.

कुठ्ठाळीजवळ जुवारीवरचा पूल ओलांडला कीं आगशी लागते, आणि तेथून आपण एका बेटावर असतों. प्रवाशाला हें ध्यानांत येत नाहीं, कारण पुलानें बेटपण झांकून टाकलें आहे. उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी, पश्चिमेस समुद्र, आणि पूर्वेला ह्या दोन नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. मध्यें जो भूभाग राहिला तो तिसवाडी, म्हणजे तीस वाड्यांचा मुलूख. पोर्तुगीज ह्याला नुसतें 'इल्हास' म्हणजे 'बेटें' म्हणत. कारण दिवाडी, चोडण, जुवें हीं शेजारचीं लहान बेटेंहि ते ह्यांतच धरीत. त्यांच्या गोव्याचें मूळ काळीज एवढेंच. बारदेश आणि साष्टी त्यांना १५४३ मध्यें कायमचे मिळाले. फोंडें, डिचोली, पेडणें हे महाल तर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत. अडीचशें वर्षें ज्या सत्तेचा आपल्याकडे एवढा दबदबा होता, तिचें घर एका बेटावर होतें आणि तिच्या घराचे खंदक म्हणजे ह्या खाड्या होत्या. ही गोष्ट मनांत पक्की धरली पाहिजे, कारण १६८३ ची सगळी मौज तींत आहे.

वाटेंत गोवा वेल्हा नांवाचें खेडें लागतें. 'वेल्हा' म्हणजे जुनें. मग पुढें आपण जें पाहावयास जातों तें कोणतें? तेंहि 'वेल्हा गोवा', जुनेंच गोवें. एकाच बेटावर दोन जुनीं गोवीं आहेत, आणि पुष्कळ प्रवासी पहिल्याला दुसरें समजून गोंधळतात. खरें जुनें म्हणावें तर जुवारीकांठचें हें पहिलेंच. कदंबांचें गोपकपट्टण तें हेंच. अकराव्या शतकांत जयकेशी कदंबानें राजधानी चांदरहून येथें आणली. त्याच्या कारकीर्दींतील ताम्रपटांत छड्डम नांवाच्या अधिकाऱ्याचा उल्लेख येतो. तो ताजिक, म्हणजे अरब व्यापाऱ्याच्या कुळांतला होता; आणि त्याच्या मशिदीच्या खर्चासाठीं बंदरांत येणाऱ्या गलबतांवरील कराची तजवीज हिंदु राजानें करून दिली होती. पुढें गोव्याच्या धर्मकारणानें जें रूप घेतलें तें पाहतां हा ताम्रपट वाचतांना मनुष्य क्षणभर थबकतो. चौदाव्या शतकांत दिल्लीच्या स्वाऱ्या झाल्या, जुवारीचा हा कांठ गाळानें भरत गेला, आणि व्यापार बेटाच्या उत्तर कांठीं, मांडवीवर सरकला. तेथील एळा नांवाच्या गांवाचें बंदर झालें. बहामनी वजीर महमूद गवान यानें १४७२ मध्यें गोवें विजयनगरकडून घेतलें आणि बहामनींनंतर तें विजापूरकर आदिलशहाकडे आलें. तेव्हां, पोर्तुगीजांनीं गोवें वसविलें असें जें सरसकट म्हणतात तें बरोबर नाहीं. त्यांनीं एक चालतें बंदर घेतलें.

तें त्यांनीं दोनदां घेतलें. १५१० च्या आरंभीं आल्बुकर्क मांडवींत शिरला आणि जवळजवळ लढाई न करतां शहर त्याच्या हातीं आलें. होनावरचा तिमय्या त्याच्या साह्याला होता. मे महिन्यांत आदिलशाही फौजेनें त्याला हांकलून लावलें. पावसाळाभर तो नदीच्या मुखाशीं आपलीं जहाजें घेऊन अडकून पडला. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, सेंट कॅथरीनच्या सणाच्या दिवशीं, त्यानें शहर पुन्हां घेतलें आणि मग जी कत्तल झाली ती मुसलमान रहिवाश्यांची झाली. सेंट कॅथरीन ही तेव्हांपासून शहराची रक्षक देवता ठरली. तिचें लहान मंदिर अजून उभें आहे. मोठें 'से' कॅथीड्रलहि तिच्याच नांवाचें. हा दिवस लक्षांत असूं द्यावा.

१५३० पासून हें शहर आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून चीनच्या समुद्रापर्यंत पसरलेल्या पोर्तुगीज राज्याची राजधानी झालें. मोझांबिकचें बेट, होर्मुझ, दीव, मलाक्का, मकाव ह्या सर्वांचा कारभार येथून चाले. ज्यानें गोवें पाहिलें त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाहीं, असें तिकडचे लोक म्हणत. लोकसंख्या दोन लाख होती असा आंकडा कांहीं ग्रंथकार देतात. मला तो अवाजवी वाटतो. टेकड्या आणि नदी ह्यांच्या मधली ती चिंचोळी जागा पाहिली म्हणजे एवढीं माणसें येथें कोठें राहत असावींत हा प्रश्न पडतो. पण शहर मोठें होतें ह्यांत शंका नाहीं. लिन्स्कोटेन नांवाचा डच तरुण १५८३ मध्यें येथें आला आणि आर्चबिशपच्या पदरीं राहिला. त्यानें मुख्य रस्त्यावर रोज सकाळीं होणाऱ्या लिलांवाचें वर्णन केलें आहे. अरबी घोडे, मसाले, गालिचे, मेलेल्या माणसाच्या घरांतील सामान, आणि त्याच रांगेंत गुलाम बायका व पुरुष. कोणाला गातां येतें, कोणाला भरतकाम येतें, हें दलाल ओरडून सांगत. प्यिरार नांवाचा फ्रेंच प्रवासी आजारी होऊन येथल्या राजाच्या इस्पितळांत पडला होता. रोग्यांना चांदीच्या ताटांत जेवण मिळे, असें तो लिहितो. त्याच इस्पितळांत सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत पंचवीस हजार पोर्तुगीज शिपाई मेले, असा हिशेब सांगतात. चांदीचें ताट आणि पंचवीस हजार प्रेतें! जुन्या गोव्याचें चित्र ह्याहून थोडक्यांत काढतां येणार नाहीं.

येथल्या चर्चांचें वर्णन मी करीत बसत नाहीं. तें कोणत्याहि मार्गदर्शक पुस्तकांत सांपडेल. 'से' कॅथीड्रलचा एक मनोरा १७७६ मध्यें पडला, आणि एकाच मनोऱ्याची ती इमारत मला एका बाजूनें खांदा पाडून उभ्या राहिलेल्या मनुष्यासारखी वाटली. सेंट ऑगस्टीनचा मात्र उलट प्रकार. तेथें चर्च गेलें आणि मनोरा राहिला. मठ १८३५ मध्यें ओस पडला, १८४२ मध्यें छत कोसळलें, १९३१ मध्यें दर्शनी भाग ढांसळला. उरला तो जांभ्या दगडाचा दीडशें फूट उंचीचा एक सुळका. त्याची घंटा आज पणजीच्या चर्चमध्यें वाजते. घंटांचें नशीब मोठें चमत्कारिक असतें. मेणवलीस नाना फडणिसांच्या घाटावर आणि नाशिकला नारोशंकराच्या देवळांत ज्या घंटा आहेत, त्याहि पोर्तुगीजच.

ह्या शहराची दुसरी बाजू दाखविण्यास आज दगड उरलेले नाहींत. 'से' कॅथीड्रलच्या जवळच इन्क्विझिशनचा वाडा होता. १५६० ते १८१२, मधलीं थोडीं वर्षें सोडलीं तर, हें धर्मन्यायालय येथें बसत होतें. गार्सिया द ओर्ता ह्या वैद्यानें हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील आपला ग्रंथ १५६३ मध्यें ह्याच शहरांत छापून काढला. तो मेल्यावर, तो मनानें यहुदी होता असें ठरवून, १५८० मध्यें त्याचीं हाडें उकरून जाळण्यांत आलीं. आणि ह्याच राज्यांत, साष्टींतील राचोल येथें, इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्यें रोमन अक्षरांत छापलें गेलें. मराठी भाषेविषयीं एवढी माया दाखविणारा परदेशी लेखक त्यापूर्वीं झाला नव्हता. एकाच झाडाचीं हीं फळें. मला ह्याचा उलगडा होत नाहीं, आणि ज्यांना तो झटकन् होतो त्यांच्याबद्दल मला थोडा संशयच वाटतो.

आतां तीन तास उरले होते. सोबतचे प्रवासी बॉम जेझूच्या चर्चमध्यें फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची शवपेटी पाहून वस्तुसंग्रहालयाकडे वळले. मी मात्र टेकडीवरच्या मोंतच्या चर्चकडे गेलों. चढ थोडाच आहे. वर गेल्यावर खालीं नारळींच्या राईंतून पांढऱ्या भिंती तेवढ्या वर दिसतात. ह्या राईंच्या जागीं रस्ते होते, वाडे होते. समोर मांडवी, तिच्या पलीकडे दिवाडी. ह्या दिवाडीवर कदंबांचें कुलदैवत सप्तकोटेश्वर होतें. सोळाव्या शतकांत तें देऊळ मोडलें; भाविकांनीं लिंग नदीपार नार्व्याला नेलें, आणि १६६८ मध्यें शिवाजी महाराजांनीं तेथें नवें देऊळ उभारण्याची आज्ञा केली. आणि ईशान्येकडे, दोन कोसांच्या आंतच, हिरव्या खाजणांमधून वर आलेली एक बुटकी टेकडी. तेंच जुवें.

श्रोतेहो, येथें उभें राहिल्याशिवाय १६८३ ची हकीकत कळत नाहीं, असें मी आतां म्हणतों. नकाशावर जुवें हें एक टिंब आहे. टेकडीवरून तें शहराच्या अंगणांत आहे.

आल्व्होरचा काउंट फ्रान्सिस्कु द ताव्होरा हा तेव्हां व्हाइसरॉय होता. मोगलांशीं संगनमत करून त्यानें त्या वर्षींच्या नोव्हेंबरांत मराठ्यांच्या फोंडें किल्ल्याला वेढा घातला. आंत येसाजी कंक व त्याचा मुलगा कृष्णाजी होते. तटाला खिंडार पडलें होतें. इतक्यांत संभाजी महाराज स्वतः कुमक घेऊन आले, आणि काउंट तोफा व सामान टाकून मोठ्या मुष्किलीनें शहरांत परतला. एवढ्यावर थांबले तर ते संभाजी महाराज कसले? २४ नोव्हेंबरच्या रात्रीं, ओहोटी पाहून, मराठे पाण्यांतून चालत जुव्यावर उतरले आणि तेथील गढी त्यांनीं घेतली. तोफांचे आवाज शहरांत ऐकूं आले. सकाळीं काउंट कांहींशें शिपाई घेऊन बेट परत घेण्यास गेला. मराठ्यांचे स्वार अंगावर आले तेव्हां त्याची फळी फुटली. त्याच्या दंडाला गोळी लागली. पळणारांपैकीं कित्येक चिखलांत रुतले, कित्येक बुडाले. पाठलाग करतांना भरतीच्या पाण्यांत महाराजांचा घोडा वाहूं लागला आणि खंडो बल्लाळानें तो सांवरला, असें आपल्याकडे परंपरेनें सांगतात. ती तारीख होती २५ नोव्हेंबर. सेंट कॅथरीनचा दिवस. शहर जिंकल्याला बरोबर १७३ वर्षें झालीं होतीं.

त्यानंतर काउंटानें जें केलें तें पराभवाहूनहि बोलकें आहे. तो बॉम जेझूच्या चर्चमध्यें गेला, झेवियर यांची शवपेटी उघडविली, आणि आपल्या अधिकाराचा दंड त्या संताच्या देहाजवळ ठेवून शहर त्यांच्या स्वाधीन केलें. पुढच्या काळांत नवा व्हाइसरॉय अधिकार घेतांना तो दंड तेथूनच उचलूं लागला. डिसेंबरांत मराठे बारदेशांत आणि साष्टींत पसरले. १६८४ च्या आरंभीं शहाआलम रामघाटानें मोठी मोगल फौज घेऊन खालीं उतरला, आणि महाराजांना पाठ वळवावी लागली. येथवर आमचा पोवाडा खरा आहे. गोव्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख कै. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं पोर्तुगीज कागदांतूनच ही हकीकत उजेडांत आणली आहे. तीत शत्रूच्या हातची साक्ष आहे, शाहिराची नव्हे.

परंतु पोवाडा तेथें थांबतो, आणि कागद पुढें चालतात. त्याच १६८४ सालीं काउंटाच्या सल्लागार मंडळानें ठरविलें कीं, राजधानी ह्या शहरांतून हलवावी. कारण उघड होतें. ज्या खाडीला ते खंदक समजत होते ती ओहोटीच्या वेळीं पायीं ओलांडतां येते, हें सर्वांनीं पाहिलें होतें. आणि शहरांत तट राखण्याइतकीं माणसेंहि उरलीं नव्हतीं. हें दुसरें कारण मराठ्यांनीं निर्माण केलेलें नव्हतें. १५४३ मध्यें पटकीची मोठी सांथ आली, १६३५ मध्यें पुन्हां मोठा रोग आला, आणि मधल्या वर्षांतहि ताप हटला नाहीं. जांभा दगड सच्छिद्र. घाणीचें पाणी जमिनींतून झिरपून विहिरींत उतरे, आणि तेंच लोक पीत. वर डचांनीं १६३७ पासून दर हंगामांत नदीच्या मुखाशीं जहाजें उभीं करून व्यापाराचा गळा आंवळला. ताव्हेर्निये नांवाचा फ्रेंच जवाहिऱ्या येथें दोनदां आला, १६४१ मध्यें आणि १६४८ मध्यें. पहिल्या खेपेला ज्यांना त्यानें श्रीमंत पाहिलें, तेच दुसऱ्या खेपेला संध्याकाळीं गुपचूप भिक्षा मागावयास आले, आणि तरीहि त्यांचा ताठा गेला नव्हता, असें तो लिहितो. हें जुव्याच्या लढाईपूर्वीं पस्तीस वर्षें.

मग मला काय वाटतें? शहर आजारी पाडलें तें पाण्यानें आणि डचांनीं. पण आजारी मनुष्य पुष्कळ वर्षें आपल्या घरींच राहतो. हें घर आतां सोडलेंच पाहिजे, असें ज्या रात्रीं त्याला वाटतें ती रात्र वेगळी असते. गोव्याची ती रात्र २४ नोव्हेंबर १६८३ ची होय. आमच्या पोवाड्यानें 'घेतलें' म्हणण्याऐवजीं 'उठविलें' म्हटलें असतें, तर इतिहासाला हरकत घेण्याचें कारण राहिलें नसतें.

टेकडी उतरून मी नदीकडे गेलों. व्हाइसरॉयची कमान तेथें आहे. नवा व्हाइसरॉय बोटींतून उतरून हिच्याखालून शहरांत शिरे. वास्को द गामाच्या पणतवानें ती बांधविली. आजची १९५४ मध्यें पुन्हां उभारलेली. कमानींतून पूर्वीं गजबजलेला मुख्य रस्ता दिसे; आतां पलीकडे दिवाडीची तर तेवढी दिसते. मीं पाहिलें तेव्हां तिच्यांत दोन दुचाक्या, एक म्हातारी आणि तिची केळ्यांची टोपली होती. तरींत बसून पलीकडे जाऊन यावें, असें फार वाटलें. घड्याळानें जाऊं दिलें नाहीं.

परत येतांना मोटारींत मी बाकीचा हिशेब मनांशीं जुळवीत होतों. १६९५ मध्यें व्हाइसरॉय पणेलीस राहावयास गेला. १७३९ च्या जानेवारींत आमच्या शेजारच्या इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे साष्टींत उतरले, मडगांव त्यांनीं घेतलें आणि राचोलला वेढा दिला. तिकडे चिमाजी आप्पा वसईला भिडले होते, ती मे महिन्यांत पडली. १७५९ मध्यें व्हाइसरॉय पणजीस गेला. १७७५ च्या सुमारास जुन्या शहरांत दोन हजारहि माणसें नव्हतीं. पडक्या वाड्यांचे दगड पणजीच्या बांधकामासाठीं होड्यांतून जाऊं लागले, आणि १८४३ मध्यें पणजी कायद्यानेंहि राजधानी झाली. शेवटीं १९६१ च्या डिसेंबरांत भारतीय सैन्य आलें, तेव्हां जुन्या गोव्यांत सत्तेचें असें कांहीं उरलेलेंच नव्हतें.

पण १६८४ सालीं राजधानी पणजीला न्यावयाची ठरली नव्हती. ती न्यावयाची ठरली होती मुरगांवला. तेथें तीन बाजूंस समुद्र, जमिनीकडून अरुंद वाट, आणि ओहोटींत चालत येण्याची सोय कोणालाच नाहीं. १६८५ मध्यें कामाला सुरुवात झाली. पैसा पुरेना, आपले वाडे सोडून उघड्या खडकावर जावयास सरदार आणि पाद्री राजी होईनात, लिस्बनहून एकदां होकार येई, एकदां नकार. १७०३ मध्यें एक व्हाइसरॉय कांहीं काळ तेथें जाऊन राहिलाहि. १७१२ मध्यें राजाच्या आज्ञेनें तें काम कायमचें बंद झालें.

आम्ही बंदरावर पोंचलों तेव्हां साडेचार वाजले होते. सकाळीं ज्या पडक्या तटाच्या तुकड्याकडे मीं ढुंकून पाहिलें नव्हतें, तो आतां मीं डेकवरून शोधून काढला. तटाच्या कडेला रान माजलें होतें आणि त्याच्या पायथ्याशीं खनिजाची एक मालगाडी उभी होती. शेजारच्या प्रवाशानें विचारलें, 'तेथें काय आहे?' मीं सांगावयास तोंड उघडलें, तोंच भोंगा झाला, आणि त्याच्या आवाजांत माझें बोलणें बुडून गेलें. पांच वाजतां शिडी उचलली. ओहोटी लागली होती.